आखूड दांडीचा हिशेब

गिअर झटक्यात पडावा म्हणून अनेक हौशी चालक गाडीला ‘शॉर्ट शिफ्टर’ बसवून घेतात. हाताचा प्रवास कमी होतो हे खरे. पण त्याची किंमत मनगट, गिअरबॉक्स आणि कधी कधी इंजिनही मोजत असते. या छोट्याशा बदलामागचे विज्ञान शाळेत शिकलेल्या तरफेपासून सुरू होते.

एसटीच्या जुन्या लाल गाडीत पुढच्या बाकावर बसलेल्यांना चालकाशेजारची ती लांबलचक, इंजिनाबरोबर थरथरणारी गिअरची दांडी आठवत असेल. गिअर बदलताना चालकाचा हात मनगटातून नव्हे, तर थेट खांद्यातून हलायचा. याच्या अगदी उलट टोकाला स्पोर्ट्स कार असतात. माझदा कंपनीची १९८९ साली आलेली ‘एमएक्स-५’ ही दोन आसनी गाडी किंवा होंडाची ‘एस २०००’ यांची दांडी बुटकी असते आणि मनगटाच्या हलक्या हिसक्यासरशी गिअर पडतो. गाडीप्रेमींमध्ये या दोन्ही गाड्यांच्या गिअरचे नाव निघते ते यामुळेच.

मग सगळ्याच गाड्यांना अशी आखूड दांडी का देत नाहीत? आणि आपल्या साध्या गाडीला बाजारातून आणून ती बसवली, तर नेमके काय बदलते?

टेकू, भार आणि बल

गिअरची दांडी म्हणजे एक तरफ. मुठीपासून खाली काही अंतरावर एक गोल चेंडूसारखा सांधा असतो, तो टेकू. टेकूच्या खाली दांडीचे जे टोक उरते, ते गिअरबॉक्समधल्या दांड्यांना ढकलते. मूठ पुढे गेली की खालचे टोक मागे जाते.

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, दांडीची एकूण लांबी ३०० मिलिमीटर आहे. टेकूच्या वर २४० आणि खाली ६० मिलिमीटर. म्हणजे प्रमाण ४ : १. न्यूट्रलमधून गिअरमध्ये जाण्यासाठी खालचे टोक १५ मिलिमीटर सरकावे लागत असेल, तर मुठीला चौपट, म्हणजे ६० मिलिमीटर प्रवास करावा लागेल. त्या बदल्यात हाताच्या बलाची चौपट होते. मुठीवर ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलो वजनाएवढे बल लावले, की खाली २०० न्यूटन मिळतात.

आता टेकू फक्त १५ मिलिमीटर वर सरकवला. वर २२५, खाली ७५; प्रमाण ३ : १. तेच १५ मिलिमीटर सरकवायला मुठीला आता ४५ मिलिमीटरच जावे लागते. हाताचा प्रवास २५ टक्क्यांनी घटला. पण खालचे २०० न्यूटन मिळवायला मुठीवर आता सुमारे ६७ न्यूटन लावावे लागतात. बल ३३ टक्क्यांनी वाढले. दोन्ही वेळा केलेले कार्य मोजले, तर ते तंतोतंत सारखे, ३ ज्यूल, भरते. अंतर वाचवले की बल वाढते, बल वाचवले की अंतर वाढते. तरफ कधीच फुकट काही देत नाही.

एसटीची दांडी लांब का होती, याचे उत्तर इथेच आहे. अवजड गाडीच्या गिअरबॉक्समधली चाके वजनदार असतात, त्यांचा वेग जुळवायला जास्त बल लागते. दिवसभर शेकडो वेळा गिअर बदलणाऱ्या चालकाचा हात वाचवायचा, तर दांडी लांबच हवी.

शॉर्ट शिफ्टर तीन प्रकारे बनतो. पहिला, वर सांगितल्याप्रमाणे टेकू वर नेणे. दुसरा, टेकूखालचा भाग लांब करणे. तिसरा आणि सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दांडीचा वरचा भाग कापून मूठ खाली आणणे. तिसऱ्या प्रकारात दांडीचा कोन तेवढाच राहतो, फक्त मूठ बुटकी होते. ती घेण्यासाठी चालकाला खाली वाकावे लागत असेल, तर वाचवलेले अंतर तिथेच खर्च होते.

केबलच्या गाड्यांचे गणित

ज्या गाड्यांत इंजिन उभे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे असतो, त्यांची दांडी थेट गिअरबॉक्सवर किंवा त्याला जोडलेल्या आधारावर बसते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मात्र इंजिन आडवे असते आणि दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे हालचालीसाठी, दुसरी डावी-उजवीसाठी.

अशा गाड्यांत बदल दोन ठिकाणी करता येतो. आत दांडीच्या तळाशी किंवा बॉनेटखाली गिअरबॉक्सवरच्या छोट्या हातावर. केबल त्या हाताच्या टोकाला जोडलेली असते. ती टेकूच्या जवळ आणली, की तेवढेच फिरण्यासाठी केबलला कमी ओढावे लागते आणि मुठीचा प्रवास घटतो.

अनेक गाड्यांत या हातावर लोखंडाचा एक जड गोळा असतो. तो अनाठायी वाटून काही जण काढून टाकतात. वास्तविक तो तिथे मुद्दाम बसवलेला असतो. गिअर पडताना आत जे छोटे अडथळे येतात, त्यांवरून तो आपल्या जडत्वाने दांडी अलगद पुढे नेतो. गोळा काढला, की तेच अडथळे हाताला खडखडीत जाणवू लागतात.

पितळी कड्याचे काम

शॉर्ट शिफ्टरने गिअरबॉक्स खराब होतो का, हा नेहमीचा वाद. त्याचे उत्तर देण्याआधी दांडीच्या पलीकडे काय घडते, ते पाहायला हवे.

गिअरबॉक्समधली पुढे जाणाऱ्या गिअरची दातेरी चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर टाकणे म्हणजे त्यांपैकी एका चाकाला शाफ्टशी जखडणे. पण त्या क्षणी शाफ्ट आणि चाक वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. समजा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असून इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. दुसऱ्या गिअरचे प्रमाण १.९ आणि तिसऱ्याचे १.३ धरले, तर तिसरा पडण्यासाठी क्लचची तबकडी आणि तिच्याशी जोडलेला शाफ्ट यांचा वेग सुमारे २,०५० फेऱ्यांवर यायला हवा. हे साडेनऊशे फेरे कमी कोण करते?

ते काम सिंक्रोनायझरचे. अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये तो प्रथम गाड्यांत आणला. त्याआधी चालकाला दोनदा क्लच दाबून, मध्ये अॅक्सिलरेटर देऊन वेग स्वतःच जुळवावा लागे. आपल्याकडे जुन्या ट्रकचालकांच्या तोंडी असलेला ‘डबल क्लच’ तो हाच.

सिंक्रोनायझरचा गाभा म्हणजे शंकूच्या आकाराचे, बहुधा पितळेचे कडे. दांडी ढकलली की हे कडे गिअरच्या शंकूवर दाबले जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो. कड्याची रचना अशी, की वेग जुळेपर्यंत ते पुढची वाट अडवून धरते. जुळला की वाट मोकळी होते, दाते दात्यांत जातात आणि हाताला तो ओळखीचा ‘खट्’ जाणवतो. दांडी ढकलताना मध्येच क्षणभर जो अडथळा लागतो, तो म्हणजे हे कडे आपले काम करत असल्याची खूण.

वेग जुळायला किती वेळ लागेल, हे कड्यावर किती बल पडते यावर ठरते. इथे आखूड दांडीचा एक अनपेक्षित गुणधर्म दिसतो. चालकाने हाताचा जोर पूर्वीइतकाच ठेवला, तर कड्यावर आधीपेक्षा कमी बल पोहोचते आणि वेग जुळायला थोडा जास्तच वेळ लागतो. म्हणजे केवळ दांडी बदलल्याने कडे झिजत नाही. ते झिजते चालकाच्या घाईने.

शॉर्ट शिफ्टर बसवणारा माणूस तो बहुधा जलद गिअर टाकण्यासाठीच बसवतो. मग तो दांडीवर जोर देतो. वेग जुळवताना घर्षणातून निर्माण होणारी उष्णता साधारण तेवढीच असते; पण ती निम्म्या वेळात निर्माण झाली, तर पृष्ठभागाला दुप्पट तीव्रतेने सोसावी लागते. असे वारंवार झाले, की कड्याची पकड कमी होते. पकड गेलेले कडे वाट अडवू शकत नाही, दाते वेग जुळण्याआधीच एकमेकांवर आदळतात आणि गिअरबॉक्समधून ‘खर्र’ असा आवाज येतो. वरून खाली, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना हा त्रास आधी दिसतो, कारण त्या वेळी कड्याला शाफ्टचा वेग वाढवावा लागतो आणि घट्ट तेलाचा विरोधही सोसावा लागतो. थंडीत सकाळी पहिले काही गिअर जड पडतात, तेही याच तेलामुळे. आखूड दांडीवर हा जडपणा आणखी जाणवतो.

दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधले अंतर

याहून गंभीर धोका चुकीच्या गिअरचा. दांडीचे प्रमाण बदलले, की पुष्कळ संचांत पुढे-मागेच नव्हे, तर डावी-उजवीकडची हालचालही कमी होते. पहिल्या-दुसऱ्याची ओळ, तिसऱ्या-चौथ्याची ओळ आणि पाचव्याची ओळ जवळजवळ येतात.

आता उदाहरण घ्या. चालक तिसऱ्या गिअरमध्ये ६,००० फेऱ्यांपर्यंत इंजिन ताणतो आणि घाईत दांडी मागे ओढतो. पडायला हवा चौथा, पण हात किंचित डावीकडे सरकल्याने पडतो दुसरा. क्लच सोडताच चाके इंजिनाला ओढू लागतात आणि वरच्याच प्रमाणांनुसार इंजिनाचे फेरे जवळपास ८,८०० वर जाऊ शकतात. इंजिनाला मर्यादेत ठेवणारी संगणकीय यंत्रणा इथे हतबल असते. ती फक्त इंधन तोडू शकते. रस्त्यावरची चाके इंजिन फिरवत असतील, तर त्यांना थांबवणे तिच्या हातात नसते. अशा वेळी झडपा वेळेत मिटत नाहीत, पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावे लागते. शिवाय पुढची चाके अचानक रोखली गेल्याने ओल्या रस्त्यावर गाडी घसरू शकते.

हात खरोखर वेगवान होतो का, यावर मानसशास्त्राचेही एक उत्तर आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले, की हाताने एखादे लक्ष्य गाठायला लागणारा वेळ केवळ अंतरावर नव्हे, तर अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. दांडी आखूड करताना अंतर २५ टक्क्यांनी घटते, तशी चुकीला असलेली मोकळीकही तेवढ्याच प्रमाणात घटते. गुणोत्तर जिथल्या तिथे! गिअरच्या खाचा हाताला वाट दाखवतात, म्हणून हा नियम इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. अंतर निम्मे केले म्हणून वेळ निम्मा होत नाही.

त्यात गिअर बदलण्याच्या एकूण वेळेत दांडीच्या प्रवासाचा वाटा लहानच असतो. क्लच दाबणे, हात स्टीअरिंगवरून दांडीपर्यंत नेणे, वेग जुळण्याची वाट पाहणे, क्लच सोडणे आणि हात परत आणणे यांतले काहीच शॉर्ट शिफ्टरने कमी होत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर क्षणाच्या अंशालाही मोल असते. सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

मनगट, अंगठा आणि गुडघा

आपल्याकडे गिअर डाव्या हाताने टाकला जातो, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कमी सवयीच्या हाताने. लांब दांडी हलवताना काम खांदा आणि कोपर यांच्या मोठ्या स्नायूंकडे जाते. दांडी आखूड झाली, की तेच काम मनगट आणि बोटांकडे येते, तेही वाढलेल्या बलासह.

निरोगी हाताला यात काही अडचण नाही. मात्र अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल किंवा अंगठ्याकडच्या बाजूला मनगटाच्या स्नायूबंधांना सूज येण्याचा, ‘डी क्वेरव्हेन’ नावाने ओळखला जाणारा त्रास असेल, तर पकडून पिळण्याची क्रियाच दुखरी असते. अशा व्यक्तीने वाहतुकीत दर मिनिटाला दोन-तीनदा तीस टक्के जास्त जोर लावावा, हा सल्ला शहाणपणाचा नाही. त्यांच्यासाठी लांब दांडी हीच सोय आहे.

‘गिअर सारखे बदलून थकायला होते, म्हणून शॉर्ट शिफ्टर बसवतो,’ असेही काही जण म्हणतात. पण शहरात खरा थकवा येतो तो क्लचवरच्या डाव्या पायाला. दांडी कोणतीही असो, प्रत्येक गिअरला क्लच तेवढाच दाबावा लागतो. गुडघा दुखत असेल, तर आधी सीटचे अंतर तपासावे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. तरीही त्रास असेल, तर इलाज ऑटोमॅटिक गाडीत आहे, दांडीत नाही.

बसवताना काय घडते

या कामाचे एक प्रसिद्ध उदाहरण बीएमडब्ल्यूच्या १९९० च्या दशकातल्या ‘ई ३६’ या थ्री सीरिजचे आहे. युरोप-अमेरिकेतल्या हौशी मालकांनी बाजारू संचाऐवजी त्याच कंपनीच्या ‘झेड ३’ या छोट्या गाडीची मूळ दांडी या गाडीत बसवण्याची पद्धत रूढ केली. या दांडीत टेकूखालचा भाग तुलनेने लांब असल्याने प्रवास आपोआप कमी होतो. सुटा भाग कंपनीचाच असल्याने धातूची आणि मापांची खात्री राहते.

काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे. मूठ स्क्रूने नव्हे, तर नुसती दाबून बसवलेली असते. ती सरळ वर जोरात उपटावी लागते. निघते तेव्हा एकदम निघते, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा लागतो. मग चामड्याचे आवरण आणि त्याखालचा रबरी पडदा निघतो. दांडीचे खालचे टोक एका सळईला जोडलेले असते आणि त्या सांध्यावर एक छोटी सर्क्लिप असते. तिच्यापर्यंत खालून पोहोचावे लागते. दांडीचा चेंडू प्लॅस्टिकच्या कड्याने खाचेत अडकवलेला असतो. ते कडे पाव फेरा फिरवले की दांडी वर येते. जुने ग्रीस पुसायचे, नायलॉनचे बुश आणि वॉशर नवे घालायचे, नवे ग्रीस लावून त्याच क्रमाने सगळे परत बसवायचे.

यात चुका कुठे होतात? सर्क्लिप नीट खाचेत बसली नाही, तर ती चालत्या गाडीत निसटते आणि गाडी आहे त्या गिअरमध्ये अडकून पडते. गाडीखाली काम करताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणे तर जिवावर बेतू शकते. घोडी लावल्याशिवाय खाली शिरू नये.

सर्वांत दुर्लक्षित चूक रबरी पडद्याची. नवी दांडी जाड असली किंवा टेकू वर आला, की तो पडदा नीट बसत नाही आणि काही जण तो फाडतात किंवा काढूनच टाकतात. तो केवळ आवाज रोखत नाही. गाडीच्या तळाला पडलेले ते छिद्र सायलेन्सरच्या पाइपाजवळ असते. पाइप कुठे गळत असेल, तर धूर आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड याच वाटेने आत येऊ शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. लांबच्या प्रवासात डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे थकवा समजून सोडून दिली जातात.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक टाकून पाहावेत. प्रत्येक गिअर शेवटपर्यंत जायला हवा. दांडी आवरणाला किंवा कन्सोलला अडत असेल, तर दाते अर्धेच अडकतात आणि भार पडताच गिअर निसटतो. रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून असलेला अडसर पूर्वीसारखा काम करतो ना, हे विशेष तपासावे. गाडी वॉरंटीत असेल, तर बदलाआधी अटी वाचाव्यात आणि विमा कंपनीला बदल कळवावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर मर्यादा घालते, हेही लक्षात असू द्यावे.

आधी तीस ग्रॅमचा बुश

पुष्कळदा ‘गिअर लांब पडतो, ढिला पडतो’ ही तक्रार दांडीच्या लांबीची नसतेच. ती झिजलेल्या बुशची असते. खालच्या सांध्यात २ मिलिमीटरची मोकळीक आली, की ४ : १ च्या दांडीत ती मुठीवर ८ मिलिमीटर दिसते. शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर ती ६ मिलिमीटर होते आणि मालकाला वाटते, सुधारणा झाली. झीज मात्र तिथेच असते आणि वाढत राहते.

म्हणून जाणकार मेकॅनिक आधी बुश बदलतो, केबलचा ताण तपासतो, गिअरबॉक्सचे तेल कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचे आहे का ते पाहतो. चुकीचे तेल पितळी कड्यांना मारक ठरू शकते. एवढ्या किरकोळ खर्चात अनेक गाड्यांचा गिअर नव्यासारखा होतो आणि शॉर्ट शिफ्टरची गरजच उरत नाही.

संचासोबत येणारे धातूचे बुश हाही विचार करण्याचा मुद्दा. मूळ रबर आणि नायलॉन इंजिनाची थरथर गिळून टाकतात; धातू ती थेट हातापर्यंत पोहोचवतो. क्षणभराच्या स्पर्शाने हाताला इजा होत नाही. दगड फोडणारी यंत्रे वर्षानुवर्षे धरणाऱ्या कामगारांना जो कंपनाचा आजार होतो, तो इथे संभवत नाही. पण गाडीत कायमची गुणगुण मात्र सुरू होते.

हे सगळे जाणूनही एखाद्याला आखूड दांडीच हवी असेल, तर तिची खरी देणगी वेग नसून स्पर्श आहे. कमी प्रवासात, ठाम आवाजात पडलेला गिअर हाताला सुखावतो आणि गाडी चालवणे ही ज्यांची हौस आहे, त्यांना त्या सुखाचे मोल कळते. फक्त दांडी आखूड झाली म्हणून हाताने घाई करू नये. पितळी कड्याला त्याचे काम करू द्यायला तो एक क्षण पुरेसा असतो.